पऱ्हाटीचा काढा

जानेवारी सरत आला की गेवराई, माजलगाव, वडवणीकडच्या शिवारात कापसाची शेवटची वेचणी उरकते आणि रानात नुसत्या पऱ्हाट्या उभ्या राहतात. पानं झडलेली, बोंडांची टरफलं वाळून टणक झालेली, खोड अंगठ्याएवढं जाड. चिमट्यात धरून हिसका दिला की मुळासकट उपटून येते. अशी एक पऱ्हाटी हातात घेऊन मोडून बघावी. लाकूड कटकन मोडतं, पण साल तुटत नाही. तिची लांब पट्टी सोलून निघते, आणि ती पट्टी दोन बोटांत पिळली तर ओबडधोबड दोरी तयार होते. सालीखाली पांढुरकं लाकूड असतं आणि अगदी मध्ये नखानं कोरता येईल असा भुसभुशीत गर.

या पऱ्हाटीचं काय होतं, हे मराठवाड्यात कुणाला सांगायची गरज नाही. थोडी चुलीत जाते, थोडी बांधावर गंजी करून ठेवतात, बरीचशी शेतातच पेटवून देतात. अलीकडे ट्रॅक्टरवरच्या श्रेडरनं तिचा चुरा करून मातीत मिसळतात, तर काही ठिकाणी तिच्या कांड्या दाबून ‘पांढरा कोळसा’ करतात आणि तो कारखान्यांच्या बॉयलरला जातो. गंजी घालून ठेवणं कृषी खात्याला अजिबात पसंत नाही, आणि त्यांचं बरोबरच आहे. गुलाबी बोंडअळी त्या वाळक्या बोंडांत दबा धरून बसते आणि पुढच्या हंगामात पुन्हा कापसावर येते. २०१७ साली तिनं महाराष्ट्राच्या कापसाची काय अवस्था केली, ते अजून कुणी विसरलेलं नाही.

एका हेक्टरात दोन ते तीन टन पऱ्हाटी निघते. बीड जिल्ह्यात कापूस लाखो हेक्टरांवर होतो. म्हणजे दरवर्षी एक अख्खं जंगल उगवतं आणि आपण ते जाळून टाकतो. मग साहजिकच प्रश्न येतो, की या लाकडाचा कागद का होत नाही? की कापड होईल? हा प्रश्न सोडवायला आधी लाकडाच्या पोटात शिरावं लागेल, आणि तिथं शिरायचा एक जुना, साधा आणि गंमत म्हणजे औषधाविना चालणारा रस्ता आहे. तो म्हणजे नुसतं गरम पाणी.

कुठलंही लाकूड म्हणजे मुख्यतः तीन पदार्थ. सेल्युलोज हा त्यातला लांब, सरळ, एकमेकांना घट्ट चिकटून बसणारा धागा. कापसाच्या बोंडातला कापूस म्हणजे जवळजवळ निखळ सेल्युलोजच. लिग्निन हा धाग्यांना बांधून ठेवणारा तपकिरी, चिवट पदार्थ. आणि या दोघांच्या मध्ये हेमिसेल्युलोज. तेही साखरेच्याच कणांचं, पण आखूड, फांद्या फुटलेलं आणि स्वभावानं ढिलं. पऱ्हाटीत सेल्युलोज आणि हेमिसेल्युलोज मिळून साधारण सत्तर टक्के भरतात, लिग्निन सव्वीस-सत्तावीस टक्के. आकडे बघितले तर ही काडी कुठल्याही जंगली झाडाच्या बरोबरीची आहे. मुंबईतल्या माटुंग्याची केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था (ती १९२४ साली सुरू झालेली) अनेक वर्षं पऱ्हाटीच्या मागे लागली आहे ती त्यामुळेच. तिथं पऱ्हाटीचे पार्टिकल बोर्ड झाले, लगद्यावरही काम झालं.

लगदा करायचा म्हणजे लिग्निन हटवायचं आणि सेल्युलोजचे तंतू मोकळे करायचे. जगातला बहुतेक लगदा क्राफ्ट पद्धतीनं होतो. कार्ल डाल नावाच्या रसायनतज्ज्ञानं डँझिगमध्ये ती शोधली आणि १८८४ साली तिचं पेटंट घेतलं. लाकडाचे तुकडे कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइडच्या द्रावणात, बंद भांड्यात, १६० ते १७० अंश सेल्सियसला शिजवायचे. लिग्निन विरघळतं, काळं द्रावण उरतं. ते आटवून भट्टीत जाळलं की वाफ मिळते आणि सोडाही परत मिळतो. कारखान्याचं अर्थकारण या भट्टीवर उभं असतं. ती नसेल तर काळं द्रावण नदीत जातं. देशातल्या किती तरी लहान कागद गिरण्या याच एका कारणानं बंद पडल्या.

आता या सोड्याच्या आधी गरम पाणी कशाला?

आजीनं केलेला काढा आठवा. ज्येष्ठमध, गवती चहा, आलं, दालचिनी पाण्यात टाकून उकळलं, की त्यातलं जे पाण्यात उतरण्यासारखं असतं ते उतरतं आणि काड्या तळाशी राहतात. लाकडाचाही असाच काढा करायचा असतो, फक्त उकळत्या पाण्यापेक्षा बऱ्याच वरच्या तापमानाला. आणि लाकडाच्या काढ्यात एक गोष्ट वेगळी घडते, ती मला तरी फार आवडते. यात बाहेरून काहीच घालावं लागत नाही, लाकूड आपलं आम्ल आपणच तयार करतं.

कसं, ते जवळून बघू. हेमिसेल्युलोजच्या साखळीवर ठिकठिकाणी अॅसिटिल नावाचे छोटे गट चिकटलेले असतात. पाणी दीडशे अंशाच्या वर गेलं की ते सुटायला लागतात आणि पाण्यात मिसळून अॅसेटिक आम्ल होतात. अॅसेटिक आम्ल म्हणजे व्हिनेगर ज्याच्यामुळे आंबट लागतं ते. सुरुवातीला साधं असलेलं पाणी हळूहळू आंबट होतं, त्याचा सामू साडेतीन-चारपर्यंत उतरतो. मग हेच आम्ल हेमिसेल्युलोजच्या साखळ्या मधेच तोडतं. तुटलेले तुकडे आखूड झाले की पाण्यात विरघळून बाहेर येतात. सेल्युलोजचे धागे मात्र इतके गच्च रांगेत बसलेले असतात की त्यांच्यात या सौम्य आम्लाला सहजी शिरता येत नाही. लिग्निन थोडंफार सुटतं, बाकीचं जागीच राहतं. म्हणजे तिघांतला एकच, सर्वांत ढिला गडी बाहेर काढला जातो. झाकण उघडलं की आंबूस वास येतो आणि पाणी चहासारखं तांबूस झालेलं असतं.

घरच्या प्रेशर कुकरमध्ये हे करता येईल का? कुकरचं तापमान साधारण १२० अंशांपर्यंत जातं. गिरणीत १७० अंश लागतात. त्यासाठी कोंडलेल्या वाफेचा दाब हवेच्या दाबाच्या आठपट होतो, कुकरमध्ये तो दुप्पट असतो. हा पन्नास अंशांचा फरक वाटतो त्यापेक्षा फार मोठा आहे. १९६५ साली ब्रॅश आणि फ्री या दोघांनी या हिशेबाला एक आकडा दिला, त्याला पी-फॅक्टर म्हणतात. शंभर अंशाला एक तास ठेवलं तर त्याला एक गुण. दर दहा अंशांमागे वेग दुपटीहून अधिक वाढत जातो. त्या सूत्रानं १७० अंशाला एका तासाचे सुमारे ६०० गुण होतात आणि १२० अंशाला आठ सुद्धा होत नाहीत. म्हणजे गिरणीत एका तासात होणारं काम कुकरमध्ये करायला तीन दिवस-रात्र शिट्ट्या मोजत बसावं लागेल. नुसत्या पातेल्यात उकळायचं म्हटलं तर पंचवीस दिवस. गिरणीतल्या माणसाला या सूत्राचा उपयोग साधा आहे. तापमान थोडं घसरलं, तर किती वेळ वाढवला म्हणजे तेवढंच काम होईल, हे त्याला लगेच काढता येतं.

ब्रॅश आणि फ्री यांनी हे सूत्र मांडलं ते न्यूझीलंडमध्ये वाढवलेल्या रेडियाटा पाइनवरच्या अभ्यासात. हा पाइन आपल्याला अनोळखी नाही. न्यूझीलंडहून त्याचे ओंडके गुजरातेतल्या कांडला बंदरात उतरतात, गांधीधामच्या आरागिरण्यांत चिरले जातात आणि पॅकिंगच्या पेट्या, पॅलेट, स्वस्तातल्या फर्निचरच्या रूपानं देशभर पोचतात. एखाद्या सुताराच्या दुकानात फिकट पिवळसर, हलका आणि टर्पेंटाइनसारखा किंचित उग्र वासाचा भुसा दिसला तर तो बहुधा याच झाडाचा. बाभळीचा किंवा कडुनिंबाचा भुसा गडद असतो आणि हाताला जड लागतो.

पाइन, स्प्रूस यांच्यासारख्या सूचिपर्णी झाडांना मऊ लाकडाची झाडं म्हणतात. बाभूळ, निलगिरी आणि आपली पऱ्हाटी कठीण लाकडाच्या गोतावळ्यातली. इथं मऊ-कठीण हे नखानं ठरत नाही. बांधणी आणि रसायन दोन्ही वेगळं असतं. मऊ लाकडाचे तंतू तीन मिलिमीटरच्या आसपास लांब, कठीण लाकडाचे एक मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून आखूड. आणि हेमिसेल्युलोजही वेगळं. पाइन-स्प्रूसमध्ये मुख्य आहे मॅनोज साखरेवर उभं राहिलेलं मॅनन. पऱ्हाटीत, उसाच्या चिपाडात, निलगिरीत झायलोज साखरेचं झायलन.

गरम पाण्याच्या दृष्टीनं हा फरक मोलाचा आहे. मऊ लाकूड थेट सोड्यात शिजवलं तर मॅननची साखळी टोकाकडून एकेक कण सोलत सोलत संपते. सोललेल्या साखरेचं काही उपयोगाचं उरत नाही, तिची आम्लं होतात आणि ती काळ्या द्रावणाबरोबर भट्टीत जळतात. जळताना उष्णताही बेताचीच देतात, लिग्निनच्या निम्मीच. झायलन मात्र सोड्यातही बऱ्यापैकी टिकतं, इतकं की थोडं विरघळलेलं झायलन परत तंतूंवर जाऊन बसतं. म्हणून मऊ लाकडाला आधी गरम पाण्यात घालणं म्हणजे जे पुढं वाया जाणारच आहे ते आधीच काढून घेणं. कठीण लाकडाच्या बाबतीत हा सौदा तितका सरळ नाही.

गरम पाण्याचे असे प्रयोग अनेकदा भुशावर झाले. भुसाच का? कारण पाण्याला आत शिरायला वाट लागते. गिरणीतली नेहमीची चिप वीस-पंचवीस मिलिमीटर लांब आणि तीन ते पाच मिलिमीटर जाड असते. आतली हवा बाहेर पडून पाणी गाभ्यापर्यंत पोचायला वेळ जातो, आणि आत सुटलेल्या साखळीलाही तेवढाच लांबचा रस्ता काटून बाहेर यावं लागतं. या वाटेवर ती अधिकच तुटते. भुशाचा कण एखादा मिलिमीटर. पाणी लगेच शिरतं, मॅननचे तुकडे त्यातल्या त्यात लांब असतानाच बाहेर येतात. फिनलंडमध्ये तुर्कूच्या ओबो अकादमी विद्यापीठात स्प्रूसच्या बारीक केलेल्या लाकडावर १७०-१८० अंशाच्या पाण्यानं असे प्रयोग झाले आणि तासाभरात बहुतांश मॅनन पाण्यात उतरवता आलं. हे मॅनन पेयांत तेलाचे थेंब तरंगत ठेवायला किंवा पातळ वेष्टनं करायला वापरता येईल का, हा तिथल्या लोकांचा पुढचा प्रश्न होता.

पण भुशाचा तोटाही त्याच्या बारीकपणातच आहे. करवतीच्या दातांनी तंतूच मधून कापले गेलेले असतात. कितीही जपून शिजवलं तरी कापलेला तंतू परत लांब होत नाही. लगदा आखूड तंतूंचा होतो, टिश्यू पेपरला किंवा छपाईच्या कागदात मिसळायला चालतो, सिमेंटच्या पोत्याला नाही. शिवाय भुसा नेहमीच्या उभ्या डायजेस्टरमध्ये, म्हणजे लगदा शिजवायच्या बंद भांड्यात, भरला तर ओल्या चिखलासारखा दबून बसतो आणि द्रावण त्यातून फिरतच नाही, जाळ्या तुंबतात. म्हणून उत्तर युरोप-अमेरिकेत भुशासाठी वेगळे डायजेस्टर बांधले गेले. त्यातल्या एका प्रकारात तिरप्या नळीतून साखळीवरच्या पट्ट्या भुसा पुढं ढकलत नेतात आणि साधारण अर्ध्या तासात काम उरकतं.

आता मुख्य मुद्दा. हेमिसेल्युलोज काढल्यानं लगदा चांगला होतो की वाईट?

कागदासाठी विचाराल तर बहुतेक वेळा वाईट. कागदाला ताकद येते ती तंतू एकमेकांना चिकटल्यामुळे, आणि चिकटायला हेमिसेल्युलोज मदत करतं. ते पाणी धरतं, तंतू फुगतात, लवचीक होतात, कुटताना लवकर तयार होतात. ते काढून टाकलं की तंतू कोरडे, ताठ राहतात. कुटायला वीज जास्त लागते आणि तरीही कागद ताणला की लवकर फाटतो. शिवाय वजनात तूट. शंभर किलो लाकडातून साध्या क्राफ्टनं पंचेचाळीस किलोच्या आसपास लगदा मिळत असेल, तर आधी गरम पाण्याचा हात मारल्यावर तो चाळिसाच्या खाली येतो. विकायचा माल कमी करून त्याची ताकदही कमी करायची, हा धंदा कागदवाला का करील? त्यामुळे कागदासाठी पाण्यात घालायचंच असेल तर हलक्या हातानं, थोडंसंच हेमिसेल्युलोज काढून थांबायचं, यावरच अभ्यासकांचा भर राहिला आहे.

कापडासाठी मात्र सगळं उलटं होतं.

क्रॉस, बेव्हन आणि बीडल या तीन इंग्रजांनी १८९२ साली व्हिस्कोजचं पेटंट घेतलं, तेव्हापासून लाकडाचं कापड होतं. आपण त्याला रेयॉन म्हणतो. कल्याणजवळच्या शहाडला सेंच्युरी रेयॉनचा कारखाना आहे. लोकलमधून जाताना त्याची धुरांडी बघितलेले लाखो लोक असतील, पण तिथला धागा लाकडाच्या लगद्यापासून होतो हे त्यातल्या थोड्यांनाच ठाऊक असतं. या धाग्यासाठी लगदा कॉस्टिकमध्ये भिजवतात, मग कार्बन डायसल्फाइडबरोबर त्याची क्रिया घडवून मधासारखं दाट द्रावण करतात आणि केसाहून बारीक भोकांतून आम्लात सोडतात. लगद्यात हेमिसेल्युलोज राहिलं तर ते भिजवणीच्या कॉस्टिकमध्ये साठत जातं, गाळण्या आणि भोकं तुंबवतं, धागा कच्चा करतं. म्हणून रेयॉनच्या लगद्यात शुद्ध सेल्युलोज नव्वद टक्क्यांच्या वर लागतं.

नुसत्या क्राफ्टनं ही शुद्धता येत नाही, कारण आपण पाहिलं तसं झायलन सोड्यात टिकून राहतं. आधी आम्ल आणि मग सोडा असा दुहेरी मार लागतो, आणि त्यातलं आम्ल लाकूड स्वतःच देतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जर्मनीत ही पद्धत आकाराला आली. भारतात ग्रासिमचा हरिहरचा कारखाना तुंगभद्रेच्या काठी निलगिरीचा रेयॉन-लगदा करतो. तिथं शिजवणीचा पहिला टप्पा हाच. वाफ आणि पाणी, मग सोडा. म्हणजे ज्या गोष्टीकडे भुशाच्या संशोधकांनी नव्यानं पाहिलं, ती रेयॉनवाल्यांच्या रोजच्या पाळीत कित्येक दशकं चालू आहे.

काढा जास्त उकळला तर कडवट होतो, हे इथंही लागू आहे. पाण्यात उतरलेली साखर जास्त वेळ तापवली तर तिचं फरफ्युरल नावाचं रसायन होतं. लिग्निनची गोष्ट याहून त्रासदायक. आम्लात ते थोडं सुटं होतं आणि मग आपल्यातच नव्यानं घट्ट जुळून बसतं, त्याचे बारीक चिकट थेंब तंतूंवर आणि भांड्याच्या भिंतींवर बसतात. असं लिग्निन पुढं सोड्याला दाद देत नाही. मऊ लाकडाच्या लिग्निनची ही खोड जास्त. त्यामुळे पहिला टप्पा कधी थांबवायचा, हे साऱ्यांत अवघड कौशल्य. पाच-दहा मिनिटं जास्त झाली की पुढच्या सगळ्या टप्प्यांना भोगावं लागतं. काही कारखान्यांत पाण्याऐवजी वाफेनं हा टप्पा करून आम्ल लगेच सोड्यानं मारतात, ते त्यासाठीच. मग काढा मिळत नाही, पण गोंदही मिळत नाही.

आणि ज्यांनी काढा मिळवला, त्यांनी त्याचं करायचं काय? अमेरिकेत विल्यम मेसननं १९२४ च्या सुमारास मिसिसिपीतल्या लॉरेल गावी लाकडाला वाफेनं फोडून हार्डबोर्ड करायला सुरुवात केली. धुवून निघालेलं गोड पाणी आटवून त्याच्या कंपनीनं पुढं गुरांच्या खाद्यात मळीसारखं विकलं. झायलनपासून झायलिटॉल होतं, ते च्युइंगममध्ये गोडी आणतं आणि दात किडवत नाही. फिनलंडमध्ये ते बर्चच्या लाकडापासून करत. झायलनपासूनच फरफ्युरल होतं. क्वेकर ओट्स कंपनीनं १९२०च्या दशकात ओटच्या टरफलांपासून ते कारखान्यात बनवायला सुरुवात केली. दक्षिण आफ्रिकेत सेझेला इथं ते उसाच्या चिपाडापासून होतं. फरफ्युरलपासून बनणारं फ्युरान रेझीन ओतकामाच्या वाळूच्या साच्यांत लागतं, म्हणजे कोल्हापूरच्या फौंड्रीवाल्यांना यातलं काही समजावून सांगायला नको.

कागदावर हे सगळं छान दिसतं. अडचण पातळपणाची आहे. शंभर किलो लाकडाला चारशे लिटर पाणी धरलं आणि त्यात बारा किलो साखर उतरली, तर द्रावण झालं तीन टक्क्यांचं. उसाच्या रसात साखर तेरा-चौदा टक्के असते, आणि तो आटवायला सुद्धा साखर कारखान्याला आपलं चिपाड जाळावं लागतं. तीन टक्क्यांचं पाणी आटवायला लागणारं इंधन कुठून आणायचं? शिवाय त्यात अॅसेटिक आम्ल, लिग्निनचे तुकडे, फरफ्युरल अशी सगळी खिचडी, यीस्टला नको असलेली. पुण्याच्या प्राज कंपनीनं २०१७ साली दौंड तालुक्यात शेतातल्या काडीकचऱ्यापासून इथेनॉल करायचा प्रात्यक्षिक प्रकल्प उभारला. २०२२ मध्ये पानिपतला इंडियन ऑइलचा भाताच्या काडाचा मोठा प्रकल्प त्याच तंत्रावर सुरू झाला. तिथंही पहिला टप्पा उष्णता आणि आम्लाचाच, आणि खरी कसोटी त्याच टप्प्याची. मला विचाराल तर काढा विकून श्रीमंत होण्याची स्वप्नं पाहणाऱ्यानं आधी आटवणीचा खर्च मांडावा, मग पुढं बोलावं.

आता पुन्हा बीडकडे येऊ.

समजा, रोज शंभर टन लगद्याची गिरणी काढली. क्राफ्टची भट्टी परवडायला हे प्रमाण लहानच आहे, पण धरून चालू. चाळीस टक्के उतारा धरला तर रोज अडीचशे टन वाळकी पऱ्हाटी लागेल. हेक्टरी दोन टन धरले तर रोज सव्वाशे हेक्टर रान, वर्षाच्या ३३० दिवसांना चाळीस हजार हेक्टरांहून जास्त. जिल्ह्यात एवढा कापूस आहे. पण पऱ्हाटी फुगीर असते. ट्रॉली शिगोशीग भरते आणि काटा जेमतेम हलतो. म्हणून ती शेताजवळच तोडून चिप करायला हवी. ती करायची कधी? जानेवारी ते मार्च. आणि करायची कुणी? नेमक्या याच महिन्यांत बीडचे हजारो कोयते पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात उसाच्या फडात असतात. दिवाळीच्या आगेमागे गेलेली जोडपी फड संपल्याशिवाय परत येत नाहीत. पऱ्हाटी उभी आहे आणि ती उपटणारे हात तीनशे किलोमीटरवर ऊस तोडताहेत, हा तिढा कुठल्याही प्रयोगशाळेत सुटणारा नाही. तो सोडवायचा तर ट्रॅक्टरनं उपटून तिथंच चिप करणारं यंत्र भाड्यानं मिळायला हवं.

पऱ्हाटीच्या सालीचंही दुखणं आहे. सालीत लांब तंतू असतात, ते हवेहवेसे. पण तिलाच माती चिकटलेली असते, आणि राखही सालीतच जास्त. साल पूर्ण काढायची तर वजनात मोठा हिस्सा जातो, ठेवायची तर सोडा जास्त लागतो. इथं मात्र गरम पाण्याचा टप्पा उपयोगी पडू शकतो, कारण पाण्यातून निघणारं आम्ल राखेतले काही क्षारही धुवून नेतं. बोंडअळीचं काय, तर १७० अंशाला तिचा कोष काही टिकत नाही.

पाण्याचा हिशेब मात्र मांडलाच पाहिजे. चांगली चालवलेली लगदा-कागद गिरणीही टनामागे चाळीस-पन्नास हजार लिटर पाणी घेते. मधला आकडा धरला तर शंभर टनांना रोज पंचेचाळीस लाख लिटर. ग्रामीण भागात माणशी ५५ लिटर पाणी द्यायचं जलजीवन मिशनचं माप धरलं, तर हे ऐंशी हजार माणसांचं पाणी झालं. बालाघाटच्या डोंगरात पाटोदा तालुक्यात उगम पावणाऱ्या मांजरेवर केज तालुक्यात धनेगावला धरण आहे. २०१६च्या उन्हाळ्यात ते कोरडं पडलं, आणि त्यावर विसंबलेल्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पन्नास वाघिणींची ती ‘जलदूत’ एका खेपेला पंचवीस लाख लिटर आणायची. आपल्या कल्पनेतल्या गिरणीला रोज तशा जवळजवळ दोन गाड्या लागतील. हरिहर तुंगभद्रेवर आहे, शहाड उल्हासवर, बल्लारपूरची कागद गिरणी वर्धेच्या काठी. लगद्याच्या गिरण्या नद्या धरूनच उभ्या राहिल्या. बीडकडे अशी बारमाही नदी आहे ती उत्तरेच्या सीमेवरून वाहणारी गोदावरी, आणि तिचंही पाणी आधीच वाटून संपलेलं आहे.

तेव्हा बीडमध्ये लगदा शिजवायची गिरणी निघावी असं मला वाटत नाही. इथं जे होऊ शकतं ते कोरडं काम. शेतात चिप करणं, साल झाडणं, माती चाळून काढणं, एप्रिलच्या उन्हात वाळवणं आणि दाबून गठ्ठे बांधणं. असा माल नदीकाठच्या गिरणीकडे गेला तर तिथं त्याचा काढा होईल, रेयॉनचा लगदाही होईल. पण त्या गठ्ठ्याच्या टनामागे गिरणी देईल तो भाव, चिप आणि वाहतुकीचा खर्च वजा जाता, पांढऱ्या कोळशाच्या कारखानदारानं बांधावर येऊन मोजलेल्या पैशापेक्षा जास्त भरायला हवा. कोळशाला ना साल काढावी लागते, ना माती चाळावी लागते. आजच्या घडीला पऱ्हाटी तिकडे जाते ती त्यामुळेच, आणि जी बांधावर उरते ती मार्चअखेर कुणीतरी काडी लावून मोकळी करतो.